सिकलसेल रेणूचा रोग आहे, जमातीचा नाही

ठाणे जिल्ह्यात सापगावच्या परिसरात, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी वाड्या-पाड्यांवर एखाद्या मुलाचे हातपाय वारंवार ठणकू लागले, डोळे पिवळट दिसू लागले, चार पावलांत धाप लागू लागली, की त्याला एकाच वेळी तीन रोग असल्याचे सांगितले जाते. ठणक्याला संधिवात, पिवळेपणाला कावीळ आणि धाप लागली की ‘अंगात रक्त कमी’. औषधाने गुण आला नाही की बाहेरची बाधा म्हणून भगताकडे फेऱ्या सुरू होतात. ही सारी नावे लक्षणांना दिलेली आहेत. रोग जिथे दिसतो तिथेच त्याचे मूळ असते, हा गैरसमज त्यांच्यामागे आहे. या तिन्ही लक्षणांचे मूळ एकच असू शकते आणि ते सांधे, यकृत किंवा आहार यांत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असू शकते, हे वैद्यकाला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या मदतीने कळले.

जेम्स हेरिक यांनी 1910 साली शिकागोतल्या एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी, म्हणजेच ‘सिकल सेल’, नोंदवल्या. पुढे चाळीस वर्षे पेशीचा आकार हीच या रोगाची ओळख राहिली. ती बदलणारे लायनस पॉलिंग डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. प्राणवायू कमी झाला की या पेशी वाकतात आणि तो मिळाला की बऱ्याचशा पूर्ववत होतात, हे समजल्यावर त्यांनी तर्क केला की दोष प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येच असणार. हार्वे इटानो आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून ते किती वेगाने सरकते हे मोजले. वेग वेगळे निघाले, म्हणजे रेणूंवरचा विद्युतभार वेगळा होता. 1949 साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले, तेव्हा एखाद्या आजाराला ‘रेणूचा रोग’ म्हणण्याइतका पुरावा पहिल्यांदा हाती आला होता. पुढच्या काही वर्षांत व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकी जागाही दाखवली. 146 अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. पहिल्यावर ऋणभार असतो, दुसऱ्यावर नसतो. रोगाचे सारे पुढचे चक्र एवढ्या फरकातून फिरू लागते.

ते कसे फिरते हे कळले, तर ‘रक्त कमी म्हणजे लोहाच्या गोळ्या’ हा गैरसमजही दूर होतो. प्राणवायू सोडल्यावर हे सदोष रेणू एकमेकांना चिकटून लांब, ताठ तंतू बनवतात. त्यामुळे पेशी कडक होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. हाडे ठणकतात ती यामुळे. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, रुग्णाची 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते आणि फुटलेल्या पेशींच्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळे होतात. पेशी फुटल्या तरी त्यांतले लोह बहुतेक शरीरातच राहते. त्यामुळे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी हा पंडुरोग बरा होत नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात तर लोह आधीच साठलेले असू शकते. मात्र त्याच माणसाला लोहाची कमतरताही असू शकते. ती आहे की नाही, हे तपासूनच ठरवावे.

तंतू किती लवकर बनतील हे पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर ठरते, आणि हे नाते अतिशय तीव्र आहे. दाटपणा जरासा वाढला तरी तंतू बनण्याचा वेळ झपाट्याने घटतो. अंगातले पाणी कमी झाले की पेशीही आक्रसते आणि हिमोग्लोबिन दाट होते. भरपूर पाणी प्या, हा सल्ला पोकळ वाटतो, पण त्यामागे हे रसायन आहे. वीटभट्टीवर दिवसभर उन्हात राबणाऱ्या कुटुंबातल्या रुग्णासाठी पिण्याचे पाणी आणि सावली हा उपचाराचाच भाग आहे. भट्टीमालकाने हे ऐच्छिक समजू नये.

सर्वात खोल रुजलेला गैरसमज म्हणजे ‘हा आदिवासींचा रोग’. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, माडिया अशा जमातींत त्याचे प्रमाण जास्त आहे, ठाण्याच्या जमातींतही तो आढळतो, हे खरे. पण विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही आहे, तसाच आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भूमध्य समुद्राकाठीही आहे. एका पालकाकडून या दोषाचा जनुक आलेल्या मुलाचा फाल्सिपेरम हिवतापापासून बराचसा बचाव होतो, म्हणून जिथे हा हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हा जनुक टिकला. वंश, अस्वच्छता किंवा राहणी यांचा त्याच्याशी संबंध नाही. तो एकमेकांच्या ताटात जेवल्याने किंवा सहवासाने लागतही नाही.

दुसरी गल्लत होते ती वाहक (एकाच पालकाकडून हा जनुक आलेला) आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) यांच्यात. शिबिरात होणारी विद्राव्यता चाचणी सोपी आहे. रसायनाने प्राणवायू काढून घेतला की सदोष हिमोग्लोबिन विरघळत नाही आणि द्रावण गढूळ होते. मात्र ते वाहकाचेही गढूळ होते आणि रुग्णाचेही. फरक कळतो तो विद्युतक्षेत्रातल्या चाचणीने किंवा एचपीएलसी यंत्राने. वाहकात म्हणजे ‘एएस’मध्ये दोन्ही हिमोग्लोबिन दिसतात, रुग्णात म्हणजे ‘एसएस’मध्ये नेहमीचे प्रौढ हिमोग्लोबिन दिसत नाही. वाहकाला सहसा त्रास होत नाही. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब चुकीचा आहे.

‘रेणूचा रोग’ या ओळखीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. रेणूतला दोष तोच असूनही एकाचे बालपण रुग्णालयात जाते आणि दुसरा पन्नाशी गाठतो. मग या वर्गीकरणाचा उपयोग काय? उत्तराचा काही भाग पुन्हा रेणूतच आहे. गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन ज्याच्या रक्तात जास्त टिकते, त्याचे तंतू कमी बनतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध ते हिमोग्लोबिन वाढवते. बाकीचे उत्तर आहार, पाणी, जंतुसंसर्ग आणि दवाखान्याचे अंतर यांत आहे; ते रेणू सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा नावाने माणसावर शिक्का बसतो. खुद्द पॉलिंग यांनी 1968 साली वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवण्याची सूचना केली होती. रेणू अचूक ओळखणारा शास्त्रज्ञ माणसाच्या बाबतीत इतका चुकू शकतो. म्हणून चाचणीचा निकाल त्या व्यक्तीच्या हाती राहिला पाहिजे, गावच्या चर्चेत नव्हे.

या खऱ्या चाचण्यांबरोबरच भौतिकशास्त्राचे नाव घेऊन हातात दांडी धरायला लावणारी आणि मिनिटभरात सगळे रोग सांगणारी ‘क्वांटम’ यंत्रेही फिरतात. त्यांनी नेमका कोणता पदार्थ मोजला, हे विचारावे. रक्ताचा किंवा दुसरा कोणताही नमुना न घेता हिमोग्लोबिनचा प्रकार ठरवता येत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली आणि 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य तिने ठेवले आहे. सापगाव, किन्हवली, डोळखांब किंवा टोकावड्याच्या कोणाची तपासणी झाली, तर ‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावर समाधान मानू नये. अहवाल एएस आहे की एसएस, हे लेखी मागून घ्यावे आणि तो कागद लग्नाच्या बोलणीपर्यंत जपून ठेवावा.