तिची कैफियत, तिचाच फैसला

स्त्रीवादी समुपदेशन म्हणजे संसार मोडण्याचा सल्ला, हा समज आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांतूनही इतका दृढमूल झालेला आहे की, लेकीला अशा समुपदेशिकेकडे नेण्याची गोष्ट निघताच वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम घटस्फोटाचे कागद उभे राहतात. हा समज किती निराधार आहे हे उमगण्यासाठी ही विचारपद्धती कोणत्या अन्यायातून जन्मास आली, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

१९६४ साली अमेरिकेतील एका प्रतिष्ठित मनोविकारशास्त्रीय नियतकालिकात तिघा अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बायकोला मारहाण केल्याच्या आरोपावरून मॅसॅच्युसेट्समध्ये न्यायालयापुढे आलेल्या पुरुषांच्या कुटुंबांचा तो अभ्यास होता. परंतु मारणारा बाजूला राहून मीमांसा झाली ती मार खाणारीच्या स्वभावाची, आणि निष्कर्ष काढला गेला तो असा की, या स्त्रिया वर्चस्व गाजविणाऱ्या व शरीरसुखाविषयी उदासीन असून नवऱ्याची मारहाण त्यांचीच एक आंतरिक गरज भागविते. हे कोणा अडाण्याचे मत नव्हते, शास्त्राचे मत म्हणून ते छापले गेले होते, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

पुढे १९७० मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द चिकित्सकांचीच परीक्षा घेतली. ७९ मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्त्यांपैकी काहींना निरोगी पुरुषाचे, काहींना निरोगी स्त्रीचे, तर काहींना केवळ निरोगी प्रौढ व्यक्तीचे वर्णन करावयास सांगितले. पुरुषाचे आणि प्रौढ व्यक्तीचे वर्णन जवळजवळ एकच निघाले. स्त्री मात्र अधिक आज्ञाधारक, कमी स्वतंत्र, लहानसहान प्रसंगांनी भांबावणारी अशी रंगविली गेली, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ती निरोगी! म्हणजे प्रौढ माणसासारखी वागली तर स्त्री म्हणून सदोष, आणि स्त्रीसारखी वागली तर माणूस म्हणून उणी, अशा कोंडीत ती उपचारापूर्वीच सापडलेली होती.

याच अभ्यासातील एक तपशील आणखी एका गैरसमजाचे निरसन करतो. स्त्रीने स्त्रीला केलेले समुपदेशन म्हणजे स्त्रीवादी समुपदेशन, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्या ७९ जणांत ३३ स्त्रिया होत्या आणि त्यांची उत्तरे पुरुषांच्या उत्तरांहून निराळी नव्हती. समुपदेशिका कोण आहे याहून ती कोणता प्रश्न विचारते, हे येथे महत्त्वाचे ठरते. ‘तुझ्यात काय बिघडले?’ याऐवजी ‘तुझ्यावर काय गुदरले, आणि घरातली सत्ता कोणाच्या हाती आहे?’ असा तो प्रश्न असतो. घरात रडण्याची मुभा न मिळालेल्या पुरुषालाही तो तितकाच उपयोगी पडतो.

ही पद्धती औषधांच्या विरोधात आहे, हेही खरे नव्हे. बाळंतपणानंतर विषण्णतेने ग्रासलेल्या स्त्रीला मनोविकारतज्ज्ञाकडे जरूर पाठविले जाते. फक्त तिची झोप कोण मोडतो, गोळ्या कोणाच्या ताब्यात असतात, आणि बाळ मुलगी आहे म्हणून तिला कोणी टोचून बोलते काय, याचीही चौकशी होते. पक्षपाताचा आक्षेप घेणाऱ्यांना इतकेच सांगावेसे वाटते की, मारहाणीच्या मामल्यात ‘दोघांचेही थोडे चुकले’ म्हणणे ही तटस्थता नव्हे. स्त्रीवादी समुपदेशिका आपली मूल्ये आरंभीच उघड सांगते, जेणेकरून ती न पटल्यास समोरच्या व्यक्तीला अन्यत्र जाता यावे.

आता संसार मोडण्याविषयी. अत्याचारपीडितांच्या उपचारांवर १९९२ साली मोलाचा ग्रंथ लिहिणाऱ्या ज्युडिथ हर्मन यांचे आग्रहाचे प्रतिपादन असे की, जिच्या हातून तिच्या आयुष्याची सूत्रे हिरावली गेली, तिच्या बऱ्या होण्याचा कारभारही दुसऱ्याने बळकावता कामा नये. नवऱ्याच्या हुकमाच्या जागी समुपदेशिकेचा हुकूम आला तर उपचार कसला? शिवाय घर सोडण्याची वेळ ही अनेकदा सर्वांत धोक्याची असते, त्यामुळे घाईने दिलेला सल्ला जिवावर बेतू शकतो.

मुंबईत महानगरपालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच विचारावर. जखमेवर मलमपट्टी करवून घेण्यासाठी आलेल्या स्त्रीला तेथेच, रुग्णालयाच्याच आवारात, बोलण्याची जागा मिळावी, हा त्यामागील हेतू. अशा समुपदेशनात मार सोसून जुळवून घे असे तिला कोणी सांगत नाही, तसेच घर सोड असेही सांगत नाही. तिला परत जावयाचे असेल तर सुरक्षेची योजना तिच्याबरोबर बसून आखली जाते: भांडण पेटताच कोणत्या खोलीत थांबू नये, मुलांनी कोणत्या शेजारणीकडे धावावे, रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे असलेली पिशवी कोणाकडे ठेवावी. ती पिशवी उचलण्याचा दिवस ती स्वतः ठरविते.