मेंदूतील जागल्या आणि त्याचा लगाम



आपल्या चिकलठाणा-वाळूजकडे रात्रपाळी करणाऱ्या माणसाला पहाटे झोप आवरावी लागते आणि दिवसा ती आणावी लागते. या ओढाताणीचे एक ठाणे मेंदूच्या देठात आहे. तेथे दोन्ही बाजूंस निळसर पेशींचा एकेक लहानसा पुंजका असतो. या पेशी नॉरएपिनेफ्रिन नावाचे द्रव्य तयार करून जवळजवळ साऱ्या मेंदूला पोचवतात. जागेपणी त्या सतत इशारे देतात, झोपेत मंदावतात आणि स्वप्ने पडतात त्या झोपेत जवळजवळ गप्प होतात. गावच्या जागल्यासारखेच त्यांचे काम.

पण जागल्याने किती ओरडावे, हे ठरवते कोण? पेशीच्या अंगावर प्रथिनांचे ग्राहक असतात. कुलपात नेमकी किल्ली बसावी तसे नेमके द्रव्य त्यांत बसते. काही ग्राहक पेशीला चेतवतात. संकटकाळी स्रवणारे एक द्रव्य असेच काम करते. याउलट अल्फा-दोन नावाच्या ग्राहकात पेशीचे स्वतःचेच नॉरएपिनेफ्रिन बसते. मग पेशीतील पोटॅशियम बाहेर जाऊ लागते, तिचे इशारे कमी होतात आणि द्रव्यही कमी सुटते. एंजिनाचा वेग वाढताच वाफ कमी करणारा गव्हर्नर असतो, तशी ही योजना.

औषधांवरून हे स्पष्ट होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून जगापुढे मांडले. १९५२ साली तिच्यातून वेगळे काढलेले रेसर्पिन मज्जातंतूंतील या द्रव्याचे कोठारच रिकामे करते. क्लोनिडीन मात्र कोठाराला हात न लावता अल्फा-दोनचा लगाम ओढते. रक्तदाब उतरतो, गुंगीही येते.

अफूजन्य औषधे दुसऱ्या ग्राहकावाटे हाच परिणाम घडवतात. महिनोन्‌महिने लगाम ओढलेला राहिला, की पेशी त्याविरुद्ध जोर करायला शिकते. औषध एकदम तुटले, की तो सारा जोर मोकळा सुटतो: अस्वस्थता, थरथर, निद्रानाश. अशा वेळी डॉक्टर क्लोनिडीन देतात. दुसऱ्या दोरीने तोच लगाम हळूहळू सैल करता येतो.

म्हणून व्यसन सोडताना तळमळणाऱ्या सोबत्याला मनाचा दुबळा म्हणू नका. त्याच्या मेंदूतील पेशींना पूर्वपदावर यायला अवधी हवा. त्याला उपदेशाआधी दवाखान्यात न्या, आणि बरा होईपर्यंत त्याची नोकरी राखा.