नायकांच्या मुलखात (भाग ७) : १९५९ सालचे दोन नायक

मागच्या भागात बायरनच्या 'द कॉर्सेअर'मधला समुद्री बंडखोर कॉनराड आपण पाहिला. १८१४ साली ही काव्यकथा निघाली आणि पहिल्याच दिवशी तिच्या दहा हजार प्रती खपल्या. रोमँटिक नायक म्हणजे कोण, हे युरोपात तिथून जवळजवळ ठरूनच गेलं : सत्तेशी उघड वैर, आणि मनात कुणापाशी बोलता न येणारी जळती खंत. हा नायक मराठीत शोधायचा तर शहरी प्रेमकादंबऱ्या चाळण्याआधी कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात उतरावं, असं मला वाटतं. तिकडे एकट्या कॉनराडमधलं वैर एका कादंबरीत गेलं आणि खंत दुसरीत. दोन्ही कादंबऱ्या १९५९ सालच्याच : अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' आणि वि. स. खांडेकरांची 'ययाति'.

अण्णा भाऊंचा जन्म १९२०चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात. तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. खांडेकर १८९८मध्ये सांगली शहरात जन्मले. शिरोडा आणि कोल्हापूर ही त्यांची कर्मभूमी पुढची. 'फकिरा'ची प्रस्तावनाही खांडेकरांनीच लिहिली आहे. वाटेगावच्या मातंगवाड्यातून आलेला शाहीर आणि सांगलीच्या पांढरपेशा घरातला मास्तर, दोघांची अशी गाठ पडली.

'फकिरा' सुरू होते ती फकिरापासून नव्हे, त्याच्या बापापासून. आपल्या गावात जत्रा भरावी म्हणून राणोजी शिगावच्या जत्रेतून, जिच्यावर जत्रेचा मान ठरतो ती जोगणी पळवून आणतो आणि त्यात प्राण गमावतो. गावकुसाबाहेरचा माणूस गावासाठी मरतो, आणि त्याचं देणं गावावर राहतं. पुढचं सगळं बंड या देण्याच्या पोटातून येतं. दुष्काळ पडतो, माणसं भुकेनं पडू लागतात. गुन्हेगार जमाती कायद्याचा फास मातंगांच्या गळ्याभोवती आहेच : रोज हजेरी द्यायची, आणि कुठंही काही घडलं की संशय पहिला यांच्यावर. अशा वेळी फकिरा धान्याची कोठारं फोडतो, बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो आणि लुटीचं वाटप करतो.

कॉनराडही टोळीचा म्होरक्या, पण टोळीत राहून एकटा. त्याचे सोबती त्याला भितात, त्याच्या मनाचा थांग त्यांना लागत नाही. प्रिया गेल्याचं कळताच तो सगळ्यांना सोडून नाहीसा होतो. फकिराला असं नाहीसं होता येत नाही. डोंगर त्याच्या ओळखीचे आहेत, घोडा हाताशी आहे. पण इंग्रज सरकार त्याची माणसं, बायकापोरं, म्हातारीकोतारी डांबून ठेवतं आणि तो स्वतः होऊन हजर होतो. रोमँटिक नायकाचं स्वातंत्र्य म्हणजे त्याचं एकट्याचं स्वातंत्र्य, या समजुतीला इथं मुळातच छेद गेला आहे. मला अण्णा भाऊंचं हे सर्वांत मोठं काम वाटतं. मराठी वाचकांनी ही कादंबरी विद्रोहाची म्हणून वाचली, ते योग्यच. पण जागतिक रोमँटिक परंपरेत तिनं घातलेली ही भर अजून पुरेशी मोजली गेलेली नाही.

कादंबरीची भावस्थिती कशानं घडते? अण्णा भाऊ मुळात शाहीर. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. पोवाड्यात वीर नेहमी दहाजणांच्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा घोडा, त्याची तलवार, त्याची उडी, त्याच्या नावानं सुटणारा थरकाप, सगळं बाहेरून. तो एकांतात काय भोगतो, हे डफावर सांगायचं नसतं. 'फकिरा'त निबिड रात्री आहेत, घोंगावणारा वारा आहे, पण तो वारा नायकाच्या उदासीचा नाही. साऱ्या मुलखाची धास्ती आणि उमेद त्यात आहे.

'ययाति' याच्या अगदी उलट दिशेला जाते. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगतात. राजा असलेल्या ययातीला बंड करायला बाहेर कुणी शत्रूच नाही. नहुषाची मुलं कधी सुखी होणार नाहीत हा शाप आणि स्वतःची न शमणारी वासना, एवढंच त्याचं रणांगण. कबुली देणारा नायक आपल्यासाठी सबबीही शोधतो, आणि वाचकाला त्या पटू लागतात. इथं बायरनची खंत पूर्णपणे उतरली आहे. कच या पात्राच्या संयमाचा आदर्श खांडेकर फार आग्रहानं पुढे ठेवतात, तिथं कादंबरी बोधाकडे झुकते. तिचं खरं बळ ययातीच्या अपराधी स्वरात आहे. 'ययाति'ला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं, 'फकिरा'ला १९६१मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार.

सातारा-सांगलीच्या वाचकाला फकिरा परका वाटण्याचं कारणच नव्हतं. १९४३ ते १९४६ या काळात याच गावांमध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. जून १९४३मध्ये शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी लुटली गेली, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये धुळ्याचा खजिना. भूमिगतांना भाकरी पोचवणारी, निरोप नेणारी माणसं घरोघरी होती. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकारानं 'प्रिमिटिव्ह रिबेल्स'मध्ये अशाच, सरकारनं चोर ठरवलेल्या आणि रयतेनं आपल्या मानलेल्या बंडखोरांची चिकित्सा केली, तेही १९५९मध्येच. त्याची उदाहरणं बव्हंशी युरोपातली होती.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशात, पाऊस कमी आणि माळ जास्त. तिथल्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ सालच्या 'बनगरवाडी'त शाळामास्तरालाच मध्यभागी आणलं. त्याच्या हाती तलवार नाही आणि त्याच्यावर शापही नाही. नायकच नसलेल्या त्या कादंबरीची भावस्थिती कशी उभी राहते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.