रात्रीचा उपचार आणि राखणीचा कुत्रा

गोदाम, आंब्याची बाग किंवा शेळ्यांचा गोठा राखायला रत्नागिरीत अनेक व्यापारी बांधव कुत्रा ठेवतात. त्याच्या भाकरीचा खर्च आम्ही हिशेबात धरतो, रात्रीच्या उपचाराचा मात्र धरत नाही.

कोकणात फुरशाचा धोका नेहमीचाच. त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते. सकाळपर्यंत थांबून चालत नाही. सरकारी दवाखाना दिवसाचा. खासगी डॉक्टरला रात्री उठवावे तर जादा फी, गाडीभाडे आणि सर्पदंशावरील लस. तीही एका कुपीत भागेलच असे नाही. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे चोवीस तासांचे प्राणी इस्पितळ २०२४ साली सुरू झाले, पण ते तीनशेहून अधिक किलोमीटर दूर.

म्हणून आमचे सांगणे असे : दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवावी. चार-पाच जणांनी मिळून एका डॉक्टरशी रात्रीचे दर आधीच ठरवावेत. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर रात्रीच्या सोयीची चौकशी आजच करावी. रेबीजची लस मात्र वेळच्या वेळी टोचावी. त्या रोगाची लक्षणे दिसल्यावर कितीही पैसा ओतला तरी जनावर वाचत नाही, आणि घरातली माणसेही धोक्यात येतात.