हिट गाण्याच्या मागच्या बाजूला कोण असतं?

मॅच रंगात आली की पब्लिक दोनदा पाय आपटते आणि एकदा टाळी वाजवते. धप धप टाळी, धप धप टाळी. जगातल्या कुठल्याही स्टेडियममध्ये हा ताल ऐकू येतो. आपल्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंटमध्ये साउंडवालाही तो लावतो. क्वीन नावाचा बँड कोण, कुठला, हे त्याला माहीत असायची काही गरज नाही. गाणं आहे ‘वी विल रॉक यू’. गंमत म्हणजे १९७७ मध्ये ते सिंगल म्हणून निघालं तेव्हा तबकडीच्या मुख्य बाजूवर नव्हतंच. मुख्य बाजूवर होतं ‘वी आर द चॅम्पियन्स’. हे बिचारं मागं.

त्या मागच्या बाजूला म्हणतात बी-साईड.

आपण सगळे मोबाईलवर गाणी ऐकत मोठे झालो, त्यामुळे गाण्याला बाजू असते हेच आपल्याला नवीन वाटतं. सात इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूवर साधारण एक गाणं. अमेरिकेत १९४९ मध्ये ही तबकडी बाजारात आली. जे गाणं चालेल असं कंपनीला वाटायचं ते पुढच्या बाजूला. मागची बाजू कोरी कशी ठेवणार? मग तिथं काहीतरी टाकायचं. अल्बममध्ये न बसलेलं एखादं, गंमत म्हणून केलेलं एखादं, नाहीतर बँडमधल्या त्या पोट्ट्याचं, ज्याला एरवी कोणी चान्स देत नाही. पण इथं हिट व्हायचं टेन्शन नसायचं. त्यामुळं बँडवाले बिनधास्त प्रयोग करायचे आणि कधी कधी मागचं गाणं पुढच्याला खाऊन टाकायचं.

ही गाणी एकेका सिंगलमध्ये अडकून पडलेली. फॅन्स ती शोधत फिरायला लागले, तेव्हा कंपन्यांनी गोळा करून त्यांचेच अल्बम काढले. रेअरिटीज, बी-साईड्स, रिमिक्स असा सगळा मालमसाला एका पाकिटात. निर्वाणाचा ‘इन्सेस्टिसाइड’ (१९९२), ओएसिसचा ‘द मास्टरप्लॅन’ (१९९८) हे त्यातले गाजलेले. खरं बोलायचं तर असे बरेच अल्बम म्हणजे पातेलं खरवडणं असतं. बँड मोठा झाला, नवीन काही तयार नाही, चला जुनं विकू. ‘द मास्टरप्लॅन’ मात्र तसा नाही. दुसऱ्या एखाद्या बँडनं त्या गाण्यांवर अख्खं करिअर काढलं असतं.

आणि उरलेलं गाणं नेहमीच कमअस्सल असतं असंही नाही. लिंकिन पार्कचं ‘लॉस्ट’ आठवा. २००३ च्या ‘मेटिओरा’ अल्बमच्या वेळी ते जवळपास पूर्ण झालं होतं. पण त्याच ताकदीचं ‘नम्ब’ आधीच अल्बममध्ये होतं, म्हणून हे बाजूला राहिलं. वीस वर्षं ते हार्ड ड्राइव्हवर पडून होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा गाणारा चेस्टर बेनिंग्टन जाऊन साडेपाच वर्षं झाली होती. ज्यांनी शाळेत असताना मेमरी कार्डात ‘इन द एंड’ भरून घेतलं होतं, त्यांनी हेडफोन लावून ते ऐकलं असेल तेव्हा काय झालं असेल, ते त्यांनाच विचारा.

पण सगळ्यात भारी बी-साईडची गोष्ट आपल्या मुंबईत घडली आहे.

जानेवारी १९६८. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ नावाच्या सिनेमाचं संगीत करायला मुंबईत आला. फोर्टमध्ये सर फिरोजशहा मेहता रोडवर एचएमव्हीचा स्टुडिओ होता, तिथं रेकॉर्डिंग ठरलं. अडचण अशी की हॅरिसनला स्टिरिओ हवं होतं आणि तिथं तसं मशीन नव्हतं. मग कंपनीचे भास्कर मेनन कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन घेऊन रेल्वेनं आले. (हे मेनन पुढं जाऊन ईएमआयच्या जगभरच्या कारभाराचे प्रमुख झाले.) आता ती गाडी नागपूरमार्गे आली असेल, तर ते मशीन मूर्तिजापूर स्टेशनवरूनच गेलं असणार. म्हणजे जिथून आपली शकुंतला अंजनगावकडे वळायची, तिथूनच. मुंबई-हावडा मेन लाइन ही ए-साईड धरली तर शकुंतला ही रेल्वेची बी-साईडच की!

स्टुडिओ साउंडप्रूफ असा नव्हताच. ऑफिसं सुटली की रस्त्यावरचा आवाज थेट आत यायचा. सिनेमाचं काम आटोपलं तरी हातात वेळ होता, म्हणून हॅरिसननं आणखी काही रेकॉर्डिंग करून घेतलं. त्यातल्याच एकाचं गाणं झालं, ‘द इनर लाइट’. वाजवणारे सगळे भारतीय. सरोदवर आशिष खान, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. चौरसियांचं वय तेव्हा २९. गिटार नाही, ड्रम नाही. बीटल्सच्या नावावर आलेल्या या गाण्यात वाद्यं वाजवायला एकही बीटल नाही.

ती टेप घेऊन हॅरिसन लंडनला गेला. फेब्रुवारीत त्यानं त्यावर आवाज चढवला. शब्द ‘ताओ ते चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथावरून घेतलेले. १५ मार्च १९६८ ला ‘लेडी मॅडोना’ हे सिंगल निघालं आणि इंग्लंडात पहिल्या नंबरवर गेलं. मागच्या बाजूला होतं मुंबईचं गाणं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं यायची ही पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा मागच्या बाजूनं. लेनन आणि मॅकार्टनी यांच्यासमोर त्याला नेहमी रांगेत शेवटीच उभं राहावं लागलं, ते इथंही दिसतं.

पुढं काय? पुढं दहा वर्षं ते बीटल्सच्या कुठल्याच अल्बममध्ये नव्हतं. ज्याच्याकडं सिंगल त्याच्याकडंच गाणं. १९७८ मध्ये बीटल्सच्या सगळ्या अल्बमची एक पेटी निघाली. तिच्यात ‘रेअरिटीज’ नावाची एक जास्तीची तबकडी होती, तिच्यावर ते आलं. पुढच्या वर्षी ती तबकडी सुटी विकायला आली. मग १९८८ मध्ये ‘पास्ट मास्टर्स’मध्ये ते घेतलं गेलं आणि तिथून ते आज आपल्या फोनवर पोचलंय. २००२ मध्ये हॅरिसनच्या आठवणीसाठी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कार्यक्रम झाला, तिथं अनुष्का शंकर आणि जेफ लिन यांनी ते सादर केलं. २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ नव्यानं निघाला, त्यात तर याच गाण्याचा दुसरा टेकही दिलाय.

म्हणजे रेअरिटीज अल्बम हे काम करतो. तबकडी विकली जाते, पण तिच्यावर फक्त बँडचं नाव असतं. मुंबईत कोण बसलं होतं, बासरी कोणी धरली होती, हे ‘लेडी मॅडोना’च्या त्या सिंगलवर कुठंच छापलेलं नव्हतं. उरलेल्या गाण्यांचा अल्बम निघाला की कोणीतरी कपाट उघडतं, टेपचा डबा बघतं, त्यावरची तारीख वाचतं. नावं तेव्हा बाहेर येतात.

पण हे बीटल्स होते. त्यांच्या टेपा सांभाळायला एक अख्खी कंपनी होती. आपल्या बँडचं काय?

१९७० आणि १९७१ मध्ये एका सिगारेट कंपनीनं देशभरातल्या पोरांच्या बँडची स्पर्धा घेतली, ‘सिमला बीट’. निवडलेल्या बँडच्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या. त्यातल्या किती तरी बँडचा तेवढाच काय तो पुरावा उरलाय. सिगारेटची जाहिरात होती म्हणून! त्याच काळात मुंबईत ऍटॉमिक फॉरेस्ट नावाचा बँड गाजत होता. १९७४ मध्ये अलिक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ स्टेजवर आणलं, त्यात येशू झाला होता या बँडचा गायक. आणि ज्यूडास कोण? आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू. तेच नंदू भेंडे पुढं १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये दिसले. पुलंनी लिहिलेलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं. २०१४ मध्ये ते गेले. आपल्या आईबाबांना ते नाटक आठवेल, पण हा माणूस आधी लांब केस वाढवून इंग्रजी रॉक गात होता म्हटलं तर ‘काहीही काय सांगतं बे’ असंच म्हणतील.

ऍटॉमिक फॉरेस्टचा अल्बम एकच, ‘ऑब्सेशन ७७’. काही गाणी स्वतःची, काही परदेशी गाण्यांची त्यांनी केलेली रूपं. इथं फार कोणी विचारलं नाही. २०११ मध्ये ती गाणी आणि बँडची इतर जुनी रेकॉर्डिंग्ज एकत्र करून ‘ऑब्सेशन’ या नावानं अल्बम निघाला. काढला कोणी? लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन रेकॉर्ड्सनं. मुंबईच्या पोरांनी मुंबईत वाजवलेली गाणी मुंबईपर्यंत परत आली ती अमेरिकेतून. छान झालं, पण थोडं टोचतंसुद्धा.

आता अंजनगावात या. इथं ‘बँड’ म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो लग्नातला ट्रम्पेटवाला. पण गिटार आणि कॅहोन घेऊन बसणारे पोट्टेही आहेत. गॅदरिंगला वाजवतात, गणपतीत वाजवतात, कुणाच्या तरी गच्चीवर प्रॅक्टिस करतात. मोबाईलवर रेकॉर्ड करतात. त्यातला तीस सेकंदांचा तुकडा रीलवर जातो. ही झाली ए-साईड. बाकीची चाळीस मिनिटं? त्यात चुकलेलं कडवं, मध्येच सुचलेली नवी चाल, कोणीतरी ‘थांब बे, परत घे’ म्हटलेलं. ‘स्टोरेज फुल’ आलं की हे सगळं सगळ्यात आधी डिलीट.

रिमिक्सची तर आणखी वाईट गत. वरातीत आणि विसर्जनात जे वाजतं ते तुम्ही ऐकलंयच. सुरुवातीला डीजेचं नाव तीनदा ओरडून, मग ढोलाचा ठेका, मग मूळ गाणं ओळखू येईल न येईल इतकं फास्ट. काहींना हा नुसता गोंगाट वाटतो. मला वाटत नाही. त्यातला ठेका इथला असतो, तो पुण्याच्या डीजेला जमत नाही. पण हे रिमिक्स एका सीझनसाठी पेन ड्राइव्हवर बनतात आणि पुढच्या वर्षी त्याच पेन ड्राइव्हवर नवे येतात. अधिकृतपणे कुठं टाकायची तर सोयच नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ ला जे बदल झाले त्यानुसार दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाऊन काढायचं असेल तर मूळ गाण्याला पाच वर्षं व्हावी लागतात, पैसे भरावे लागतात आणि गाण्यात मनासारखी मोडतोड करता येत नाही. रिमिक्स म्हणजे तर मोडतोडच. मालकाची परवानगी काढायला अंजनगावचा डीजे मुंबईला कधी जाणार? अपलोड केलं की क्लेम येतो, गाणं गायब. ज्या ठेक्यावर सगळं गाव नाचलं, तो पन्नास वर्षांनी ऐकायचा म्हटलं तर कुठं मिळणार?

कोणी अमेरिकेतून येईपर्यंत थांबायचं कारण नाही. गच्चीवरची चाळीस मिनिटं तशीच एका जुन्या हार्ड डिस्कवर टाकता येतात, आणि दुसरी कॉपी दुसऱ्या मित्राच्या घरी ठेवता येते. व्हॉट्सॲपवरून आलेली नको, फोनमधली मूळ फाईल घ्या, व्हॉट्सॲप आवाज दाबून टाकतं. आणि फाईलचं नाव ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ असं राहू देऊ नका. तारीख लिहा, जागा लिहा, कोणी काय वाजवलं ते लिहा. कॅहोनवाल्याचंही नाव लिहा.