जबडा जुळला, दातांचे काय?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाच्या आवारात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. किडलेला दात काढायला, कवळी करायला माणसे येतातच. पण दुचाकीवरून तोंडावर आपटलेल्या माणसाच्या उपचाराचा शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित टप्पाही अशाच ठिकाणी पार पडतो.

चेहऱ्याची हाडे वाटेल तशी मोडत नाहीत. फ्रेंच शल्यविशारद रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून वरचा जबडा ठरावीक ३ रेषांवर तुटतो, हे १९०१ मध्ये दाखवून दिले. ही हाडे जुळवताना सर्जनचा नकाशा म्हणजे रुग्णाचे दात. वरचे-खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसवून जबडे तारांनी बांधायचे आणि मगच टायटॅनियमच्या पट्ट्या स्क्रूने आवळायच्या. समोरचे पाच-सहा दात हाडाच्या कपच्यांसकट गेले असतील, तर तो नकाशाच फाटलेला असतो.

हाड सांधल्यावर कृत्रिम दातांचे काम सुरू होते, आणि ते साध्या कवळीपेक्षा फार अवघड असते. व्रणांमुळे तोंड पुरते उघडत नाही. म्हणून माप घ्यायचा ट्रे कधी दोन तुकड्यांत आत न्यावा लागतो. ओठामागचा ताठर व्रण कवळी उचलून टाकतो. हाड खचलेले असल्याने नुसते दात लावून भागत नाही, ओठाला आधार द्यायला गुलाबी अॅक्रिलिकची भर घालावी लागते. मेणात रचलेले दात तोंडात बसवून रुग्णाला बोलायला लावतात: ‘फ’ आणि ‘स’ नीट उमटतात का? अपघातापूर्वीचा, दात दिसणारा एखादा लग्नातला फोटो इथे एक्स-रेइतकाच मोलाचा ठरतो.

स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून पक्क्या दातांची वाट खुली झाली. हाड अपुरे असेल, तर कंबरेच्या हाडाचा तुकडा आधी जबड्यात रुजवावा लागतो. त्यात महिने जातात.

मजुरी बुडवून खेड्यातून पुन्हा पुन्हा येणे सोपे नाही. तरीही घरात असा रुग्ण असेल, तर टाके सुकले म्हणजे उपचार संपला असे समजू नका. जबडा बांधलेला असतानाच कृत्रिम दातांच्या विभागाची तारीख घ्या, आणि जाताना तो जुना फोटो सोबत न्या.