सैनिकांचा सराव, मुलांचा खेळ

सातवीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. अलिफ, दाल, रे आणि वाव ही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, हे मी फळ्यावर लिहून दाखवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा मध्येच म्हणाला, "मिस, गेम में दीवारों पे ऐसाच लिखा रहता. दिखा तो समझने का, दुश्मन का एरिया आ गया."

वर्ग हसला. मलाही हसू आले, पण ते टिकले नाही. या मुलाच्या घरी दादी याच लिपीत कुरआन वाचते. त्याच्या अब्बूंच्या दुकानाची अर्धी पाटी याच लिपीत आहे. आणि हीच अक्षरे तो आता धोक्याची खूण म्हणून ओळखू लागला होता. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. खेळता खेळता तो आपोआप शिकला होता.

हे खेळ येतात कुठून, याचा मी शोध घेतला, तेव्हा कळले की "आपोआप शिकणे" हाच यातला खरा मुद्दा आहे. सैन्यानेही हे खेळ त्यासाठीच जवळ केले.

१९८० मध्ये अटारी कंपनीचा 'बॅटलझोन' हा रणगाड्यांचा खेळ आला. अमेरिकी सैन्याला तो इतका आवडला, की ब्रॅडली या चिलखती गाडीवरच्या तोफचींसाठी त्याची खास आवृत्ती मागवण्यात आली. खेळ रचणारे एड रॉटबर्ग या कामाच्या विरोधात होते. पुन्हा असे काम सांगणार नाही, या बोलीवर ते तयार झाले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाने 'डूम २' हा बाजारातला खेळ घेतला, त्यातले राक्षस काढून त्यांच्या जागी माणसे घातली आणि चौघांच्या तुकडीने एकमेकांना सांभाळत पुढे कसे जायचे, याचा सराव त्यावर सुरू केला. पुढे झेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह कंपनीच्या 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' (२००१) या खेळावरून प्रशिक्षणाची वेगळी प्रणाली तयार झाली. ती अनेक देशांच्या सैन्यांनी वापरली.

यात सैन्याचे काय चुकले, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. खऱ्या दारूगोळ्याचा सराव महाग असतो आणि त्यात माणसे जखमी होतात. पडद्यावर चूक झाली, तर पुन्हा सुरुवात करता येते. सैनिक चूक पडद्यावर करून शिकला, तर उद्या रस्त्यावर एखाद्या निरपराधाचा जीव वाचूही शकतो. पण सराव करायचा म्हटला की त्याला जागा लागते, आणि समोर कोणीतरी उभा करावा लागतो. ती जागा कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

'फुल स्पेक्ट्रम वॉरिअर' हा खेळ २००४ मध्ये बाजारात आला. अमेरिकी सैन्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या, कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या संस्थेच्या सहभागातून तो घडला होता. दुकानात विकल्या गेलेल्या डिस्कमध्ये सैन्याची आवृत्तीही होती. ठरावीक संकेतशब्द टाकला की ती उघडत असे. म्हणजे सैनिकाचा सराव आणि घरातल्या मुलाचा खेळ एकाच तबकडीवर. खेळातला देश होता 'झेकिस्तान'. असा देश नकाशावर नाही, पण नाव ऐकताच कोणता मुलूख डोळ्यांपुढे आणायचा आहे, ते कळते. पुढे याच खेळातली दृश्ये घेऊन 'व्हर्च्युअल इराक' ही उपचारपद्धती तयार झाली. इराकहून परतलेल्या आणि रात्री दचकून उठणाऱ्या सैनिकांसाठी ती होती. लढाईची तयारी आणि लढाईने झालेल्या मनाच्या जखमेवरचा इलाज, दोन्हींच्या मुळाशी एकच खेळ!

खऱ्या शहरांचेही असेच झाले. मरीन दलासाठी प्रशिक्षणाची साधने तयार करणाऱ्या एका कंपनीशी ज्या सैनिकांचा संबंध आला होता, त्यांतले काही २००४ मध्ये इराकमधल्या फल्लुजाच्या लढाईत होते. परतल्यावर त्या लढाईवर खेळ काढण्याची कल्पना त्यांच्याकडूनच आली. 'सिक्स डेज इन फल्लुजा' जाहीर होताच २००९ मध्ये टीकेचे मोहोळ उठले आणि कोनामी या प्रकाशक कंपनीने अंग काढून घेतले. विरोध करणाऱ्यांत मारल्या गेलेल्या सैनिकांचे नातेवाईकही होते, हे विशेष. २०२१ मध्ये तो पुन्हा जाहीर झाला, तेव्हा अमेरिकेतल्या मुस्लिम नागरी हक्क संघटनेने विरोध केला. तरीही २०२३ मध्ये तो विक्रीला आला. ज्या गल्ल्यांत कुणाचे घर पडले, कुणाचे मूल गेले, त्या गल्ल्या आता खेळाच्या पायऱ्या झाल्या आहेत.

२००९ च्याच 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये कराची शहर आहे. तिथल्या पाट्या मात्र उर्दूऐवजी अरबीत! उर्दू शिकवणारी म्हणून मला हे जास्त लागले. दीड कोटीहून अधिक वस्तीच्या शहराची भाषा कोणती, एवढे पाहण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तिथले लोक काय वाचतात, याच्याशी खेळाला काही देणेघेणे नव्हतेच. भिंत फक्त परकी दिसली म्हणजे झाले.

सैन्यात एक चांगली पद्धत असते. सराव संपला की सगळे एकत्र बसतात आणि अधिकारी विचारतो: काय घडले, का घडले, कुठे चुकले? आपल्या घरात ही बैठक होत नाही. मोबाइल चार्जिंगला लागतो आणि मूल जेवायला बसते. सराव झालेला असतो, चर्चा राहून जाते.

खेळ वेगळा असू शकतो, हेही दिसले आहे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने, युद्धाचे नियम खेळांतही दिसावेत, अशी मागणी केली. २०१७ मध्ये बोहेमिया कंपनीने रेडक्रॉसच्या सहकार्याने 'आर्मा ३' या खेळात 'लॉज ऑफ वॉर' हा भाग आणला. त्यात आपण असतो लढाईनंतर सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधून निकामी करणारा माणूस. एका उद्ध्वस्त गावात कोण राहत होते आणि त्यांचे काय झाले, ते हळूहळू उलगडते. नियमांची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, ही हजरत अबू बक्र (रजि.) यांची सैन्याला केलेली ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मोबाइल हिसकावून प्रश्न सुटत नाही. मूल शेजारच्याच्या मोबाइलवर खेळते. त्यापेक्षा अर्धा तास त्याच्याजवळ बसा. ओरडू नका, विचारा. हे कोणते शहर आहे? ज्या घरात तू शिरलास, ते कोणाचे? तिथली माणसे कुठे गेली? भिंतीवर काय लिहिले आहे?

शेवटचा प्रश्न मी त्या मुलाला विचारला. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या भावाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट मला दाखवायला घेऊन आला. आम्ही तो मजकूर फळ्यावर उतरवला. अक्षरे तुटक होती, डावीकडून उजवीकडे मांडलेली, शब्द कुठलाच होत नव्हता. "मिस, इनको तो जोडना भी नहीं आता," तो म्हणाला. मग त्यानेच खडू घेतला आणि मी सांगितलेला शब्द नीट जोडून लिहिला: 'मकान'. वर्गाने तो मोठ्याने वाचला.